जमिनीतले मोठे टॅरंटुला पाळताय? या चुका टाळा

माझ्याकडची किंग बबून, म्हणजे एक मोठी केसाळ टॅरंटुला कोळीण, बिथरली की कुकरमध्ये वाफ कोंडू लागल्यावर येतो तसा फस्स आवाज काढते. पुढचे पाय वर, सुळे उघडे, आणि तो आवाज. पहिल्यांदा ऐकला तेव्हा चिमटा तिच्याच पेटीत टाकून मी मागे सरलो होतो. लोक अशा कोळ्यांना रागीट म्हणतात. खरं तर ते भित्रे असतात. अमेरिका खंडातले बरेच टॅरंटुला धोका दिसला की पोटावरचे खाजरे केस उडवतात. आफ्रिका-आशियातल्या जातींकडे ते हत्यारच नाही. त्यामुळे पळायचं, धमकावायचं किंवा चावायचं, एवढंच त्यांच्या हाती उरतं.

मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. माझ्याकडे दोन कोळी आहेत: केनिया-टांझानियातली किंग बबून, म्हणजे पेलिनोबियस म्युटिकस, आणि केशरी रंगाची 'ओबीटी' (ऑरेंज बबून टॅरंटुला), म्हणजे टेरिनोकायलस म्युरिनस. दोन्ही पहिलाच कोळी म्हणून घेऊ नयेत. मी घेतली, पण माझं सोडा.

सगळ्यात मोठी चूक मातीत होते. दुकानातली पेटी आडवी आणि बसकी असते. त्यात दोन इंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर प्लास्टिकचं झाड, आणि मग तक्रार की कोळी दिवसभर कोपऱ्यात बसून धमकावतो. लपायला जागाच नसेल तर दुसरं काय करणार? किंग बबूनचे मागचे पाय जाड आणि वाकडे असतात, ते बीळ खणण्यासाठीच. तिच्या पायांचा पसारा 20 सेंटिमीटरपर्यंत जातो. पूर्ण वाढलेल्या मादीला किमान 20 ते 25 सेंटिमीटर खोल माती हवी. नुसतं कोकोपीट वाळलं की बीळ ढासळतं, म्हणून त्यात खत-औषध न मारलेली बागेतली माती आणि थोडी चिकणमाती मिसळा. मुठीत दाबल्यावर लाडू वळला पाहिजे, पण बोटांमधून पाणी सुटता कामा नये. हे मिश्रण थर देऊन दाबत भरा आणि काठीने एक तिरकं भोक पाडून ठेवा. पुढचं ती बघून घेते.

मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. एवढा जड कोळी काचेवर चढला आणि वरून पडला तर पोट फुटून मरू शकतो. जाळीचं झाकणही नको, जाळीत पायाची नखं अडकतात. भोकं पाडलेलं अॅक्रिलिक बरं.

उबेसाठी हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, पेटीखाली ठेवणं ही इथल्या थंडीत हमखास होणारी चूक. या कोळ्यांना ऊन लागलं की ते खाली खणत जातात. रानात खाली गारवा असतो, तुमच्या पेटीत मात्र खाली तवा. मॅट लावायचीच तर बाजूला, थर्मोस्टॅटसकट. मी खोलीच उबदार ठेवतो.

पाण्याचं दोघींचं गणित वेगळं. ओबीटीला कोरडी माती आणि पाण्याची वाटी पुरते. किंग बबूनला वरचा थर कोरडा, पण तळाशी ओल हवी. त्यासाठी एका कोपऱ्यात हळूहळू पाणी ओता. स्प्रे मारत बसू नका, अंगावर फवारा आला की दोघीही पिसाळतात. वाटीत स्पंज नको, तो सडतो. कोळी सतत वर भटकताना दिसला तर माती फार ओली झाली आहे का, हे आधी तपासा.

आता पेटी बदलण्याविषयी. मी पहिल्यांदा ओबीटी हलवली ती जेवणाच्या टेबलावर. ब्रशने मागच्या पायाला स्पर्श केला आणि पुढच्या क्षणी ती माझ्या बाहीवर कोपरापर्यंत पोचली होती. पळताना दिसलीच नाही, नुसती तिथे होती. मी श्वास रोखून उभा, बायको दारात, दोघांपैकी कोणीही बोललं नाही. शेवटी बायकोनेच पारदर्शक डबा पुढे केला. तेव्हापासून हे काम बाथटबमध्ये होतं: भोकाला बूच, दार बंद, दाराखाली टॉवेल, हातात लांब ब्रश, आणि डबा आधीच उघडा. हाताळणं तर कधीच नाही.

चावलाच तर माणूस मरत नाही, पण दुखणं भयंकर असतं आणि स्नायूंत पेटके येतात, कधी कधी काही दिवस. हातातली अंगठी लगेच काढा, जखम साबणाने धुवा, डॉक्टरकडे जा. वर आवळून बांधू नका. घरात कुत्रा असेल तर जास्त जपा. ऑस्ट्रेलियातल्या टॅरंटुलांच्या चाव्याने कुत्रे काही तासांत दगावल्याच्या नोंदी आहेत.

भारतातले मित्र दर पावसाळ्यात घाटातल्या बिळाचे फोटो पाठवून विचारतात, घरी नेऊ का? आपल्या सह्याद्रीत कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटससारखी देखणी जात आहे. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने 1899 साली तिचं वर्णन केलं. तिला तिथेच राहू द्या. परदेशी कोळीही कागदपत्रांशिवाय घेऊ नका.

कोळी उताणा दिसला तर तो मेलेला नाही, कात टाकतोय. हात लावू नका. पाय आत मुडपून बसला असेल तर मात्र बहुधा पाणी कमी पडलंय, वाटी लगेच जवळ ठेवा. कातीआधी तो खाणं सोडतो, तेव्हा पेटीत रातकिडा ठेवू नका. कात टाकलेल्या मऊ कोळ्याला रातकिडा कुरतडतो. कातीनंतर सुळे आधी पांढरे, मग लाल आणि शेवटी काळे होतात. काळे झाल्याशिवाय खायला देऊ नका.

आणि उकरू नका. माझ्या किंग बबूनने एकदा बिळाचं तोंड मातीने बंद करून घेतलं. आई सांगलीहून तीन महिने आली, राहिली, गेली, तिला कोळी दिसलाच नाही. "अरे, कुंडी घेतलीस, झाड लावायचं राहिलंय," म्हणाली. पाचव्या महिन्यात मी चमचा घेऊन पेटीपुढे बसलो होतो, बायकोने तो काढून घेतला. सातव्या महिन्यात एका सकाळी बीळ उघडं होतं आणि तोंडाशी चुरगळलेल्या कातीचा गोळा ढकलून ठेवलेला होता. सुळ्यांची काळी टोकं त्यात तशीच होती.