‘मिटिगेट’ नेमकं कुठे वापरायचं?
‘मिटिगेट’ म्हणजे वाईट गोष्टीची तीव्रता कमी करणं. ती पूर्ण नाहीशी करणं नव्हे. म्हणून हे क्रियापद पाठ करताना त्याच्या जोडीला येणारी नामंही वहीत लिहा: रिस्क, डॅमेज, लॉस, इम्पॅक्ट. वेग किंवा वजन कमी करायचं असेल तर साधं ‘रिड्यूस’ पुरे.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात ‘मिटिगेशन’ची व्याख्याच आहे: आपत्तीचा धोका, आघात किंवा परिणाम कमी करणारे उपाय. १९८० च्या बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशी ठरवण्याआधी ‘मिटिगेटिंग सर्कमस्टन्सेस’, म्हणजे शिक्षा सौम्य करायला लावणारी परिस्थिती, विचारात घ्यायला सांगितलं. फाशीच्या निकालांच्या इंग्रजी बातम्या वाचा, हा प्रयोग हमखास भेटेल.

‘मिटिगेट अगेन्स्ट’ मात्र लिहू नका. तिथे हवं असतं ‘मिलिटेट अगेन्स्ट’, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं.