काउंटरवर फाउंडेशन घेताना

बेळगावात खडेबाजार असो की गणपत गल्ली, शेड मनगटावर लावून बघू नका. मनगट आणि चेहऱ्याचा रंग क्वचितच जुळतो. जबड्याच्या कडेला दोन-तीन छटांच्या बारीक रेघा लावायला सांगा, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि दुकानाबाहेर उजेडात बघा. काही फाउंडेशन हवा लागली की गडद होतात, आतल्या पिवळ्या दिव्यात ते कळतच नाही. "ताई, जरा बाहेर बघून येते" म्हटल्यावर तोंड वाकडं करणारं दुकान सोडलेलं बरं.

टेस्टर लिपस्टिक थेट ओठांना नको. वरचा थर टिश्यूनं पुसून हातावर लावा. मस्काऱ्याचा टेस्टर तर नकोच, डोळे येतात.

सील, बॅच नंबर, मुदत बघा. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर जीएसटी लावू देऊ नका. पक्कं बिल मागा. "विकलेला माल परत नाही" ही पाटी सदोष मालाला लागू नाही: बिलावर परत करायची मुदत दिलेली नसेल तर 2019 च्या ग्राहक कायद्यानुसार 30 दिवसांत परत घ्यावा लागतो. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. शेड आवडली नाही म्हणून मात्र उघडलेली बाटली कुणी घेणार नाही.