विमानाला गेलाच नाहीत, तर सुरक्षेचे पैसे परत मागा

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत कुणाला विमानाचं तिकीट काढायचं असलं की आधी माझं दार वाजतं. दादरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात तिकिटांच्या काउंटरवर मी 26 वर्षं काढली. निवृत्त झाले तरी ती सवय सुटलेली नाही. पूर्वी लोक विचारायचे, "वहिनी, स्वस्त कुठलं पडेल?" आता मोबाइल पुढे धरतात आणि म्हणतात, "हे सुरक्षा शुल्क कसलं लावलंय? पूर्वी एवढं नव्हतं."

खरंच नव्हतं. 2019 च्या जूनपर्यंत देशातल्या देशात जाणाऱ्या प्रवाशाकडून सुरक्षेपोटी 130 रुपये घेत आणि परदेशी जाणाऱ्याकडून सव्वातीन डॉलर. 1 जुलै 2019 ला ते 150 रुपये आणि 4.85 डॉलर झाले. सप्टेंबर 2020 मध्ये 160 आणि 5.20. त्यानंतर सातच महिन्यांत, 1 एप्रिल 2021 पासून, 200 रुपये आणि थेट 12 डॉलर. कोरोनात विमानं रिकामी होती, पण विमानतळावरच्या सीआयएसएफच्या जवानांचे पगार थांबत नाहीत. माणसं कमी आणि खर्च तेवढाच, म्हणून माणशी वाटा वाढला. हे कारण मला पटतं. विमानं पुन्हा भरली, तरी आकडा खाली आला नाही, हे पटत नाही.

लोकांचा राग मात्र भलतीकडेच निघतो. टर्मिनल 1 ला एक आजोबा तपासणीच्या रांगेत जवानावर तडकले होते, "दोनशे रुपये भरतो आम्ही, तरी पट्टा काढायला लावता?" तो पोरगा शांतपणे ट्रे पुढे सरकवत राहिला. ते पैसे त्याच्या खिशात जात नाहीत आणि विमान कंपनीच्याही गल्ल्यात राहत नाहीत. कंपनी फक्त गोळा करते आणि नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या हाताखालच्या विश्वस्त निधीकडे भरते. ही एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण परतावा मागण्याचा सगळा जोर तिच्यावरच उभा आहे. तुम्ही उडालाच नाहीत, तर तुमची तपासणी झाली नाही. तपासणी झाली नाही, तर कंपनीने ते पैसे ठेवून घ्यायचे कशासाठी?

तर आधी तिकीट वाचायला शिका. पैसे भरण्याआधी एकूण रकमेशेजारी 'फेअर ब्रेकअप' किंवा 'फेअर डिटेल्स' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तिथे बोट लावा. मूळ भाडं वेगळं दिसेल. इंधन अधिभार असेल तर तोही वेगळा. त्याखाली विमानतळाचे आणि सरकारचे आकडे. काउंटरवर आम्ही हे सगळं कोडने ओळखायचो आणि एजंटकडच्या तिकिटांवर अजूनही तेच कोड असतात: 'पी टू' म्हणजे सुरक्षा शुल्क, 'आय एन' म्हणजे विमानतळाचं वापरकर्ता विकास शुल्क, म्हणजेच यूडीएफ, आणि 'के थ्री' म्हणजे जीएसटी. सुरक्षा शुल्क 200 असलं तरी तिकिटावर 236 दिसतं. वरचे 36 म्हणजे 18 टक्के जीएसटी. त्यावरून घाबरून जाऊ नका, फसवणूक नाही ती.

सुरक्षा शुल्क देशभर एकच आहे. यूडीएफ मात्र प्रत्येक विमानतळाचं निराळं, आणि मुंबईकराने आता इकडे डोळे उघडे ठेवायला हवेत. आपल्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाला मे 2025 पासून देशांतर्गत प्रवासासाठी निघताना 175 आणि उतरताना 75 रुपये ठरले. नवी मुंबईचा विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झाला, तेव्हा तिथला सुरुवातीचा दर निघताना 620 आणि उतरताना 270 होता. भाडं तीनशेने कमी दिसलं म्हणून पार्ल्याच्या माणसाने तिकडचं तिकीट काढलं, तर शुल्कातच तो फायदा पुसला जातो, शिवाय टॅक्सीचे वेगळे. पनवेलकराचं गणित अर्थातच उलटं. म्हणून भाड्याशी भाडं ताडून बघू नका, शेवटच्या आकड्याशी शेवटचा आकडा ताडा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून लंडन असा प्रवास असेल, तर तो एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर काढा. एका तिकिटावर असाल आणि मधला थांबा 24 तासांच्या आतला असेल, तर तुम्ही ट्रान्झिट प्रवासी ठरता आणि सुरक्षा शुल्क पुन्हा लागत नाही. तेच स्वस्तात पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढलीत, तर मुंबईला 200 रुपये द्या आणि दिल्लीला 12 डॉलर द्या. दोन वर्षांखालच्या बाळाला हे शुल्क नाही, तेही तपासून घ्या. वाईट हवामानाने किंवा बिघाडाने विमान भलत्याच शहरात उतरवलं आणि तिथून पुन्हा निघालात, तर त्या निघण्याचंही शुल्क नाही. अमेरिकेहून येणाऱ्या मुलाबाळांच्या तिकिटावर 5.60 डॉलरची आणखी एक ओळ दिसेल. ती तिकडची, 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर सुरू झालेली. तिचा आपल्या 12 डॉलरशी संबंध नाही.

आता मुख्य काम.

गेल्या वर्षी नागपूरला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. मी, हे, मुलगा आणि सूनबाई, चौघांची जाण्यायेण्याची तिकिटं मी तीन महिने आधी काढून ठेवली होती, सगळ्यात स्वस्तातली. निघायच्या आदल्या रात्री सासूबाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आम्ही रात्रभर इस्पितळात. पहाटे साडेपाचला आमचं विमान उडालं तेव्हा मी एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर बसले होते. तिकीट रद्द करायचं भान कुणाला होतं! याला 'नो-शो' म्हणतात.

आठवड्याने कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड बोलत होती, पण उत्तर एकच, "मॅडम, हे भाडं नॉन-रिफंडेबल आहे, काहीही परत मिळणार नाही." मी म्हटलं, "बाळा, भाडं नॉन-रिफंडेबल आहे. सुरक्षा शुल्काचं बोल." गप्प. मग होल्डवर गाणं. मग पुन्हा तेच वाक्य. चाळीस मिनिटं गेली त्यात. तिचाही दोष नाही, तिच्यासमोरच्या पडद्यावर जे लिहिलंय ते ती वाचत होती. पण चार माणसं, दोन फेऱ्या, प्रत्येकी 236, म्हणजे नुसत्या सुरक्षेचे 1,888 रुपये. वर यूडीएफ निराळं. एवढे पैसे मी कुणाला ओवाळून का टाकायचे?

नियम आपल्या बाजूने आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा, परताव्याचा नियम सांगतो की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा नो-शो झालं, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं प्रवाशाला परत द्यायचीच. सेलमधलं तिकीट असलं तरी आणि मूळ भाडं परत न मिळणारं असलं तरी. परतावा देण्यासाठी वेगळे पैसे कापायचे नाहीत. आणि हे फार महत्त्वाचं: रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. म्हणजे भाडं 2,100 आणि कंपनीचा रद्द करण्याचा दर 3,500 लिहिलेला असला, तर तिने 2,100 वरच थांबायचं. उरलेले 1,400 तुमच्या शुल्कातून ओढून घेता येत नाहीत. पडद्यावर 'परतावा: शून्य' दिसलं की बहुतेकदा नेमकं हेच झालेलं असतं. तिथे 'ओके' दाबण्याआधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.

फोनवर वेळ घालवू नका, लिहून मागा. काही कंपन्यांच्या संकेतस्थळावर कर-परताव्याचा वेगळा फॉर्म असतो. 'टॅक्स रिफंड' किंवा 'नो-शो रिफंड' असं शोधलं की सापडतो. तो भरा आणि सोबत मेलही टाका. मेल लांबलचक नको. सासूबाईंचं हाड, लग्न, मनस्ताप यातलं काही लिहू नका. मी लिहिलं ते एवढंच:

"पीएनआर अमुक, प्रवासी चार, तारीख अमुक. आम्ही या तिकिटावर प्रवास केलेला नाही. तिकिटातील विमान सुरक्षा शुल्क, वापरकर्ता विकास शुल्क (यूडीएफ) आणि सर्व सरकारी कर डीजीसीएच्या परतावा नियमानुसार ज्या कार्डावरून पैसे भरले त्याच कार्डावर परत करावेत. क्रेडिट शेल नको. परताव्याचा तपशील रकमेनुसार कळवावा."

'क्रेडिट शेल नको' हे शब्द विसरू नका. पैसे कंपनीकडेच पुढच्या प्रवासासाठी ठेवायचे की परत घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क प्रवाशाचा आहे. कंपनीने परस्पर ठेवून घ्यायचे नाहीत. क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर रद्द केल्यापासून 7 दिवसांत परतावा व्हायला हवा. एजंटकडून किंवा पोर्टलवरून तिकीट काढलं असेल तर जास्त दिवस लागतात, पण "एजंटला विचारा" म्हणून कंपनीला हात झटकता येत नाहीत. एजंट हा तिचाच प्रतिनिधी मानला जातो. पोर्टलने घेतलेलं कन्व्हीनियन्स फी नावाचं शुल्क मात्र सोडून द्या, ते या नियमात येत नाही.

मेलला उत्तर आलं नाही, तर त्याच कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, लिहा. तेवढ्यानेही झालं नाही, तर 'एअरसेवा' या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका. तिकीट, मेल आणि त्या 'शून्य' पानाचा फोटो जोडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार नोंदवता येते. माझं काम एअरसेवावर झालं. तक्रार टाकल्यावर नवव्या दिवशी बँकेचा मेसेज आला. तो वाचून दाखवला तेव्हा पलंगावर पडलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माझ्या पायाचे तेवढेच वसूल झाले."

एक अडचण आधीच सांगते. परदेशी विमान कंपनीचं तिकीट असेल, तर परतावा तिच्या देशाच्या नियमांप्रमाणे होतो आणि डीजीसीएच्या नियमाचा जोर तिथे कमी पडतो. म्हणून आखातात कामाला जाणाऱ्या आपल्या कोकणातल्या पोरांनी यात जास्त सावध राहायला हवं. मला खरी कळकळ त्यांची आहे. चिपळूण, खेड, रत्नागिरीची ही मुलं पहाटे सहारला उतरतात, दोरीने आवळलेली बॅग घेऊन. बिझनेस क्लासमधला माणूस सुरक्षेचे 12 डॉलर भरतो आणि हाही तेवढेच भरतो. आजच्या भावाने ते हजार रुपयांच्या वर जातात. यूडीएफमध्ये तरी मुंबईत परदेशी प्रवासाला वर्गानुसार फरक आहे, मे 2025 च्या दरांत निघताना इकॉनॉमीला 615 आणि बिझनेसला 695. सुरक्षा शुल्कात तेवढाही नाही. ज्याचा पहिला पगार अजून व्हायचाय, त्याला हजार रुपये म्हणजे घरी पाठवायच्या पैशातले हजार रुपये असतात.

आमच्या इस्त्रीवाल्याचा भाचा असाच कुवेतला निघाला होता. व्हिसाचे कागद अडले आणि विमान गेलं. एजंटने सांगितलं, "सगळे पैसे बुडाले." मी त्याच्याकडून तिकिटाचा छापील कागद मागवला. चार घड्या घातलेला, घामाने मऊ झालेला. कंपनी भारतीय होती आणि 'पी टू' पुढचा आकडा स्वच्छ दिसत होता. त्याने एजंटला रोख पैसे दिले होते आणि पावती घेतली नव्हती, त्यामुळे परतावा एजंटच्या खात्यात गेला आणि तिथून काढायला मुलाच्या मामाला चार हेलपाटे घालावे लागले. म्हणून एजंटला रोख दिलेत तरी पावती घ्या आणि तिच्यावर पीएनआर लिहून घ्या. शक्य असेल तर यूपीआयने द्या. आणि तिकिटाची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर मागताना भाड्याचं पान आहे ना, ते बघा. पुष्कळ एजंट ते पान काढून नुसतं वेळापत्रक पाठवतात. त्या पानाशिवाय पैसे देऊ नका.