अप्रेझरला फोन करण्याआधीची यादी

चवथीला आठ दिवस उरले की आमच्या डिचोलीच्या घरी आईची वही कपाटातून बाहेर येते. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या छताला, काय काय हवं ते तिच्यात लिहिलेलं आहे: नारळ, सुपारीचं शिपटं, तवशी, चिबूड, आंबाडे, तोरिंजन, कांगलां, बांधायला केवणीचे दोर. ही वही आजोबा गेल्यानंतरची. ते होते तोवर यादी त्यांच्या डोक्यात होती आणि कुणाला विचारायची गरज पडली नव्हती. ते गेले त्या वर्षी निम्मं सामान राहिलं आणि दोराची गाठ कशी मारायची यावर दोन काकांचं भांडण झालं. ऑफिसात कुणी सीएमएमआयच्या लेव्हल तीनचा विषय काढला की मला ती वही आठवते. पणजीतल्या आणि पर्वरीतल्या पन्नास-साठ माणसांच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत मी बरीच वर्षं क्वालिटीचं काम केलं आहे. सीएमएमआय म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती परिपक्व आहे ते एक ते पाच लेव्हलमध्ये मोजणारं मॉडेल, आणि ते तपासायला येतो तो अप्रेझर. सीएमएमआय घ्यायचं म्हणजे आधी काय जुळवून ठेवायचं, असं विचारणारे फोन येतात. त्या सगळ्यांना जे सांगते ते इथे एकदाचं लिहून ठेवते.

सर्वांत आधी, लेव्हल कशासाठी हवी आहे ते मालकाकडून एका वाक्यात लिहून घ्या. तोंडी नको, मेलवर. निविदेत अट आहे म्हणून हवी असेल तर तसंच लिहू द्या, त्यात लाजायचं काही नाही. हे मॉडेल जन्मलं तेच मुळी गिऱ्हाइकाच्या गरजेतून. अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअर वेळेवर मिळत नव्हतं, आणि कोणता कंत्राटदार काम पुरं करील हे ओळखायचं होतं. त्यांच्या पैशावर १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९८६ मध्ये आयबीएममधून वॉट्स हम्फ्री तिथे आले आणि परिपक्वतेच्या पायऱ्यांची मांडणी झाली. सीएमएमआयचा पूर्वज असलेलं पहिलं सीएमएम १९९१ चं. पण निविदेशिवाय आणखी एखादं कारण आहे का, तेही विचारा. दर रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सोडायच्या, आदल्या रात्री जागरण होतं, एक माणूस सोडून गेला की प्रोजेक्ट सहा आठवडे मागे पडतो, असलं काही. तसं कारण सापडलं तर पुढचं अर्धं काम हलकं होतं, कारण लोकांना त्यात स्वतःचा फायदा दिसतो. नाही सापडलं तर ही क्वालिटीवाल्या बाईची कटकट ठरते, आणि मग तुम्ही कितीही गोड बोला.

दुसरी गोष्ट किरकोळ वाटेल, पण तिच्यापायी पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. मॉडेलची आवृत्ती तपासा. सीएमएमआय २००० मध्ये आलं, २०१६ मध्ये ते इसाका या आयटी क्षेत्रातल्या व्यावसायिक संस्थेकडे गेलं, २०१८ मध्ये आवृत्ती २.० आणि २०२३ मध्ये ३.० आली. बाजारात फिरणारे तयार टेम्प्लेट बहुतेक जुन्या १.३ चे असतात. त्यात २२ प्रोसेस एरिया, म्हणजे कामाची क्षेत्रं, त्यातले सात लेव्हल दोनला. आता ती रचना राहिलेली नाही, नावंही बदलली. कन्सल्टंट पहिल्याच भेटीत २२ म्हणाला तर त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या. आणखी एक. इथे मिळतं ते सर्टिफिकेट नव्हे. होतं ते अप्रेझल, आणि निघतं ते रेटिंग. बेंचमार्क अप्रेझलचं, म्हणजे लेव्हल ठरवणाऱ्या पूर्ण तपासणीचं, रेटिंग तीन वर्षं चालतं, मग पुन्हा यावं लागतं. मार्केटिंगवाल्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर वेबसाइटवर भलतंच छापून मोकळे होतात.

मग आवाका. अख्खी कंपनी घ्यायची की पणजीत पाटोवरचं एकच युनिट? सपोर्टचे लोक धरायचे का? हे ठरवताना अडचणीचा प्रोजेक्ट हळूच वगळायचा मोह सगळ्यांनाच होतो. आवाक्यातल्या प्रोजेक्टांची पूर्ण यादी द्यावी लागते, आणि त्यातले तपासायचे प्रोजेक्ट आता सिस्टीम निवडते, आपण नाही. आपला लाडका प्रोजेक्ट पुढे करायचे दिवस गेले, आणि माझ्या मते बरं झालं. लेव्हलचं गणितही समजून घ्या. तीन हवी तर त्या लेव्हलला लागणाऱ्या प्रत्येक क्षेत्रात तीनपर्यंतचं सगळं लागतं. नऊ विषयांत शंभर आणि गणितात नापास, तर नापासच.

आता ज्यात सगळ्यांत जास्त वेळ घालवायचा ते. एकही कागद लिहिण्याआधी पंधरा दिवस नुसतं बघा. काम खरंच कसं चालतं ते, लोकांच्या शेजारी खुर्ची ओढून. मी एका टीममध्ये अशी बसले होते. रिलीज शुक्रवारी संध्याकाळी. पाच वाजता एक मुलगा, पेडण्याचा, मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीकडे बघत बघत काम करू लागला. चिठ्ठीवर अकरा ओळी, दोन खोडलेल्या, एक लाल पेनाने मागाहून घातलेली. लाल ओळ कशाची, मी विचारलं. तर मागच्या वर्षी सर्व्हर बदलण्याआधी त्याने बॅकअप घेतला नव्हता, तेव्हापासूनची ती ओळ. ही प्रोसेस कुठे लिहून ठेवली आहेस का, म्हटलं. तो हसला. "आमी अशेंच करतात, पूण बरोवन दवरूंक ना." आणि हे तो त्या चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणाला! चवथीला तो पाच दिवस गावी जातो, तेव्हा त्या टीमचा रिलीज होत नाही. का होत नाही हे मॅनेजरला ठाऊक नव्हतं. त्याला वाटायचं, सणाचं वातावरण.

ती चिठ्ठी म्हणजेच त्या कंपनीची रिलीज प्रोसेस. तिचा फोटो काढा, टाइप करा, दुसऱ्या दोघांना ती हातात घेऊन रिलीज करून बघू द्या, जिथे ते अडतील तिथे ओळ वाढवा. असे बारा-पंधरा कागद गोळा झाले की मॉडेल उघडा आणि शेजारी ठेवा. आपल्याकडे जे नाही तेवढंच नव्याने घाला. उलट्या बाजूने गेलात, म्हणजे मॉडेल समोर ठेवून प्रत्येक प्रॅक्टिससाठी एक कागद बनवत बसलात, तर दोनशे पानांचा मॅन्युअल होईल आणि पेडण्याचा मुलगा चिठ्ठीच वापरत राहील. प्रत्येक प्रोसेस शक्यतो एका पानात, कोण करतो आणि झालं कसं ओळखायचं एवढं सांगणारी. लेव्हल तीनला सगळ्या कंपनीची मिळून एक प्रमाण पद्धत लागते, आणि प्रत्येक प्रोजेक्टने ती आपल्या मापाने कापून घ्यायची असते. त्याला टेलरिंग म्हणतात, शब्द शिंप्याकडचाच. काय कापता येईल आणि काय मुळीच नाही, ते आधी लिहून ठेवा. दोन माणसांच्या तीन आठवड्यांच्या कामाला वीस फॉर्म भरायला लावलेत तर लोक ते भरतील, पण शेवटच्या दिवशी, सगळे एकदम.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या सुरुवातीच्या एका कंपनीत, नाव राहू दे, अप्रेझलच्या आदल्या आठवड्यात आम्ही आठ जण रात्री थांबून सहा महिन्यांच्या मीटिंगचे वृत्तांत लिहिले. पिझ्झा मागवला होता. मी स्वतः चौदा लिहिले, त्यातल्या एका मीटिंगच्या वेळी मी कंपनीत रुजूही झाले नव्हते. अप्रेझर बाई शांतपणे फोल्डर बघत होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला: मार्च ते ऑगस्टच्या सगळ्या फायली सप्टेंबरच्या एकाच रात्री का बनल्या? फाइलवर वेळ उमटते हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कुणी सांगायला हवं होतं का? त्या खोलीत एसीचा आवाज किती मोठा होता ते अजून आठवतं. म्हणून यादीत ही ओळ जाड अक्षरात: पुरावा म्हणजे कामातून आपोआप सांडलेली वस्तू. जिरा या कामं नोंदवायच्या सॉफ्टवेअरमधलं तिकीट, कोड रिव्ह्यूवरची शेरेबाजी, क्लायंटला गेलेला मेल, फळ्याचा फोटो चालतो. मुद्दाम बनवायला लागला तर समजा की ते काम आपल्याकडे होतच नाही. ते काम सुरू करा आणि अप्रेझल पुढे ढकला.

साहेबांसाठीही यादी आहे, आणि ती त्यांच्या हातात द्यायचं धाडस करा. आवृत्ती २.० पासून गव्हर्नन्स नावाचं वेगळं क्षेत्रच आहे. वरच्या लोकांनी दिशा द्यायची, माणसं आणि पैसा पुरवायचा, आढावा घ्यायचा, हे त्यांनाच विचारून तपासलं जातं. अप्रेझरच्या मुलाखतीला त्यांनाही बसावं लागतं. आढाव्याला महिन्यातून एक तास, तारीख ठरलेली, फोन बाहेर. एका साहेबांनी मला सांगितलं होतं, मॅडम, तुम्हीच बघा, मी सही करतो. त्यांना मी म्हटलं, सर, तुमच्याऐवजी मला उत्तरं देता येणार नाहीत. मग आले.

मोजमाप थोडं ठेवा. साठ माणसांच्या कंपनीला चार आकडे पुरतात: अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक, क्लायंटकडे पोचलेले दोष, पुन्हा करावं लागलेलं काम, वेळेवर गेलेले रिलीज. प्रत्येक आकडा बघून कोण काय ठरवणार, याचं उत्तर नसेल तर तो आकडा काढून टाका. आणि त्यावरून कुणाचं इन्क्रिमेंट कापू नका. एकदा कापलंत की पुढच्या महिन्यापासून दोष सापडायचे बंद होतात. कोडच्या आवृत्त्या गिटवर सांभाळल्या जातातच, पण क्लायंटच्या गरजांचे कागद बघा. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ आणि ‘फायनल हाच’ अशा तीन फायली एका फोल्डरात दिसल्या तर कॉन्फिगरेशनचं, म्हणजे कोणती आवृत्ती खरी ते सांभाळायचं, काम तिथून सुरू होतं. लेव्हल चार-पाचचं संख्याशास्त्र आत्ता डोक्यात घेऊ नका.

तारीख ठरवताना कॅलेंडर भिंतीवरचं घ्या, आउटलुकचं नव्हे. प्रोसेस नव्या असतील तर निदान एक प्रोजेक्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत त्यांच्यावर चाललेला हवा, म्हणजे सात-आठ महिने धराच. चवथीच्या आगेमागे दहा दिवस काही ठेवू नका. डिसेंबरमध्ये ३ तारखेचं जुन्या गोव्याचं फेस्त, मग १९ चा मुक्तिदिन, मग नाताळ. बाहेरगावचा लीड अप्रेझर डिसेंबरला आनंदाने तयार होतो, पण हॉटेलांचे दर बघून आपला अकाउंटंट होत नाही. पुढे कार्निव्हल, मागोमाग शिगमो. मे महिन्यात मुलांच्या सुट्ट्या, निम्मं ऑफिस रिकामं. जूनच्या पहिल्या पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. मला ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर सगळ्यांत बरा पडला आहे, फक्त दिवाळी कुठे येते ते बघून.

खर्चात नुसती अप्रेझरची फी धरू नका. आपल्या लोकांचे तास हा खरा खर्च. अप्रेझल टीममध्ये आपली माणसं बसवणार असाल तर त्यांना आधी अधिकृत ट्रेनिंग द्यावं लागतं आणि अप्रेझलचे दिवस ती कामाला मिळत नाहीत. त्यांच्या मॅनेजरला हे आज सांगा.

आणि मुलाखती. आमची मुलं क्लायंटशी रोज इंग्रजीत बोलतात, पण अप्रेझरपुढे बसली की घशाला कोरड पडते. पाठांतर करून घेऊ नका, ते लगेच कळतं, पाचही जण एकच वाक्य म्हणतात. त्याऐवजी महिनाभर आधी आपल्या आपल्यात एक सराव करा. दुसऱ्या टीमच्या कुणीतरी विचारायचं, गेल्या मंगळवारी क्लायंटने बदल सांगितला तेव्हा तू काय केलंस, दाखव. लॅपटॉप उघडून दाखवता आलं की भाषेची भीती अर्धी जाते. मुलाखतीत कोण काय बोललं ते नावानिशी बाहेर येत नाही, हा अप्रेझलचा नियम आहे. तो मुलांना आधी सांगा आणि साहेबांना दोनदा सांगा. मुलांबरोबर त्यांचा मॅनेजर खोलीत नको.

शेवटी खोली. एसीचं पाणी गळत नाही, इन्व्हर्टर दोन तास ओढतो, प्रोजेक्टरची वायर सापडते. दुपारचं जेवण फार भारी मागवू नका. माशांचं हुमण आणि भात जेवून तीन वाजता मुलाखत द्यायला बसलेला माणूस मी पाहिला आहे. मासे संध्याकाळी, अप्रेझरला मिरामारला नेऊन. आणि पेडण्याच्या मुलाला त्या आठवड्यात रजा द्या. त्याच्या प्रोजेक्टचा रिलीज दुसऱ्याच कुणाला तरी करू दे, शुक्रवारी संध्याकाळी, अप्रेझर इमारतीत असताना.