कृषी कार्यालयांची पुनर्रचना : विधिमंडळात विषय कसा न्यावा

आपले मंडळ कृषी अधिकारी कार्यालय बंद होऊन दुसऱ्या कार्यालयात विलीन होणार, अशी बातमी कानावर आली की कोल्हापुरात पहिला विचार मोर्चाचा होतो. मोर्चा अवश्य काढावा. मात्र निर्णय ज्या कागदावर होणार आहे तो कागद आपल्या हाती नसेल, तर निवेदन स्वीकारले जाते, त्यावर आवक क्रमांक पडतो आणि विषय तिथेच थांबतो.

अशी पुनर्रचना सहसा कायद्याने होत नाही. विभाग सुधारित आकृतिबंध, म्हणजे कोणत्या कार्यालयात कोणती व किती पदे असतील याचा आराखडा, तयार करतो, तो वित्त विभागाकडे आणि उच्चस्तरीय सचिव समितीपुढे जातो आणि शेवटी शासन निर्णय (जीआर) निघतो. या वाटेवर कोठेही आमदारांचे मतदान नसते. विधिमंडळाचा अधिकार आहे तो जाब विचारण्याचा, आणि जीआर निघण्यापूर्वी विचारलेल्या जाबाला जितके वजन असते तितके नंतरच्या जाबाला नसते. 1 जुलै 1998 रोजी कृषी विभागात एक खिडकी पद्धत आली, तेव्हा मृदसंधारण, फलोत्पादन आणि कृषी विस्तार यांच्या यंत्रणा एका छताखाली आल्या. ती घडी आजही बहुतांशी टिकून आहे, यावरून एका निर्णयाचा परिणाम किती वर्षे पुरतो हे लक्षात यावे.

सर्वप्रथम कोणत्या कार्यालयाबद्दल बोलायचे आहे हे निश्चित करावे, कारण सर्वांत जास्त चुका इथेच होतात. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, उपविभागीय कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी आणि मंडळ कृषी अधिकारी ही राज्य शासनाची उतरंड आहे. जिल्हा परिषदेचा कृषी विकास अधिकारी आणि पंचायत समितीचा कृषी अधिकारी ही दुसरी उतरंड असून तिला महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समित्या अधिनियम, 1961 चा आधार आहे. शिवाय राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतील, म्हणजे पंचायतींकडे सोपवता येणाऱ्या विषयांच्या यादीतील, पहिलाच विषय कृषी विस्तारासह शेती हा आहे. जिल्हा परिषदेकडील काम काढून घेण्याचा प्रस्ताव असेल तर तो प्रश्न विधिमंडळाच्या पंचायती राज समितीपुढेही नेता येतो. राज्य यंत्रणेतील बदलाला ती वाट लागू नाही. निवेदनात एका कार्यालयाऐवजी दुसऱ्याचे नाव पडले, तर ‘ही बाब या कार्यालयाशी संबंधित नाही’ एवढ्या एका ओळीत उत्तर येते.

त्यानंतर माहितीचा अधिकार वापरावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा सांभाळून जन माहिती अधिकाऱ्याकडे प्रस्तावित आकृतिबंध, त्यासोबतची टिप्पणी, मंजूर व रिक्त पदांचा तक्ता आणि कार्यालयनिहाय गावांची यादी मागावी. उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. विषय मंत्रिमंडळापुढे असल्याचे सांगून टिप्पणी नाकारली गेली, तरी रिक्त पदांचा तक्ता आणि गावांची यादी यांना ते कारण लागू होत नाही, म्हणून त्यांचा अर्ज वेगळा करावा. महत्त्वाचे धोरण आखताना संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याच कायद्याच्या कलम 4(1)(ग) ने घातले आहे, याचा उल्लेख, माहिती नाकारल्यास करायच्या पहिल्या अपिलात अवश्य करावा.

कागद हाती आल्यावर केवळ पदे मोजत बसू नये. गावे आणि अंतरे मोजावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ‘अमुक पदे कमी होणार’ या वाक्याला ‘कामाचा ताण पाहून फेरवाटप केले’ असे उत्तर तयारच असते. परंतु चंदगड तालुक्यातील काजू बागायतदाराला अर्जातील एका त्रुटीसाठी किती किलोमीटर जावे लागेल आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, याला तयार उत्तर नसते. 2021 च्या महापुरानंतर शिरोळच्या एका गावात मी पंचनाम्याच्या वेळी उभा होतो. पाणी ओसरले होते, सोयाबीन काळे पडून चिखलात आडवे झाले होते आणि कृषी सहायक मोबाईलवर फोटो काढत एका बांधावरून दुसऱ्या बांधावर जात होते. त्यांच्याकडे आणखी गावे होती आणि तलाठी व ग्रामसेवकांसह सगळ्यांनी एकाच वेळी हजर राहणे जुळत नव्हते. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, “आमच्या रानाकडं कवा येणार, सायेब?” पुनर्रचनेच्या तक्त्यात हा प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तो आपणच लिहून द्यावा लागतो.

जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. त्याशिवाय स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाचे आणि पुणे विभागाच्या पदवीधर व शिक्षक मतदारसंघांचे विधान परिषद सदस्य आहेत. या सर्वांना तोच मजकूर द्यावा, आणि तो अर्ध्या पानाचाच असावा. माझे पहिले निवेदन तीन पानी होते आणि ते कोणी वाचल्याचे मला आजतागायत समजले नाही. पुढच्या वेळी चार प्रश्न लिहून नेले: प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे; कोणत्या कार्यालयांचे विलीनीकरण होणार आहे; एका सहायकाकडे आज किती गावे आहेत व बदलानंतर किती असतील; आणि जिल्हा कार्यालयाचा अभिप्राय काय आहे. ते प्रश्न जवळजवळ जसेच्या तसे पुढे गेले.

कोणते आयुध वापरायचे हे सदस्य ठरवतील, तरी आपल्याला फरक माहीत असावा. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्नाला सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, पण तो पुकारला जाण्यापूर्वीच प्रश्नोत्तरांचा तास संपून जाण्याची शक्यता असते. अधिवेशन चालू असताना जीआर निघण्याची चिन्हे असतील, तर विधानसभा नियम 105 खालील लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, अधिक उपयोगी पडते. अर्थसंकल्पी अधिवेशनात कृषी विभागाच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचा प्रस्ताव) देऊन 2401 पीक संवर्धन या लेखाशीर्षाखालील वेतनाची तरतूद आणि भरलेली पदे यांचा मेळ विचारता येतो. याखेरीज नागरिकांचे अर्ज विचारात घेणारी विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे, आणि खात्यांच्या संघटनेत काटकसर व कार्यक्षमता कशी आणावी हे पाहणारी अंदाज समितीही आहे. तिच्याकडे फारसे कोणी जात नाही, हे मला खेदाचे वाटते.

मंत्र्यांनी सभागृहात ‘कोणतेही कार्यालय बंद करणार नाही’ किंवा ‘लोकप्रतिनिधींशी चर्चा करूनच निर्णय घेऊ’ असे म्हटले, तर काम संपले असे समजू नये. त्या दिवसाच्या कार्यवाहीची प्रत सदस्यांकडून मागून घ्यावी, नेमके शब्द अधोरेखित करावेत आणि मंत्र्यांच्या आश्वासनांची पूर्तता तपासणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या यादीत ते घेतले गेले आहेत का, याची लेखी विचारणा त्याच सदस्यांमार्फत करावी. दुसरी प्रत पुढच्या ग्रामसभेत वाचून इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. वर्षभराने अधिकारी आणि मंत्री दोघेही बदललेले असले, तरी गावाच्या दप्तरात तारीख आणि शब्द राहतील.