खूप वर्षांनी जुन्या मित्राला हाक कशी मारावी

नंबर मिळालेला असतो, हाताशी वेळ असतो, इच्छाही असते. तरी फोन होत नाही. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संपर्क सुटलेला एक मित्र आठवायला सांगितला. ज्याच्याशी पुन्हा बोलायला आवडेल आणि ज्यालाही ते आवडेल असं वाटतं, असा मित्र. मग त्याला चार ओळी लिहायला वेळ दिला. संपर्काचं साधन सगळ्यांकडे होतं. तरीही निरोप प्रत्यक्ष धाडणारे एक तृतीयांशाहून कमी निघाले.

सगळं अडतं ते पहिल्या निरोपापाशी. वय वाढलं की संकोचही वाढतो. ‘इतक्या वर्षांनी आत्ताच कशी आठवण झाली, काही काम असेल’ असं समोरच्याला वाटेल, ही धास्ती असते. पण पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांचं 2022 मधलं संशोधन उलट सांगतं. कोणीतरी आपण होऊन आठवण काढली की समोरच्याला जो आनंद होतो, त्याचा अंदाज आपण सहसा कमी बांधतो. निरोप जितका अनपेक्षित, तितका तो आनंद जास्त.

एकच नाव ठरवा

सगळा वर्ग एकत्र आणायच्या मागे लागू नका. मोठ्या ग्रुपमध्ये सकाळच्या शुभेच्छांचा पाऊस पडतो आणि ज्याच्यासाठी आपण आत शिरलो, तोच त्यात हरवतो. ग्रुपचा उपयोग नंबर मिळवण्यापुरता करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नाव निवडताना सगळ्यात हुशार, लोकप्रिय किंवा यशस्वी मित्र आठवू नका. ज्याच्यासमोर तुम्हाला शहाणं दिसायची गरज वाटत नव्हती, तो आठवा. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाला उतारवयात सगळ्यात जास्त आणि ठळक आठवतात, हे स्मृतीच्या अभ्यासकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. त्या वर्षांत तुमच्या शेजारी बसलेला माणूस म्हणजे त्या आठवणींचा साक्षीदार. शिवाय जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार अनोळखी माणूस जिवलग मित्र व्हायला 200 तासांहून अधिक सहवास लागतो. जुन्या मित्राबरोबर ते तास कधीच जमा झालेले आहेत.

शोध

मैत्रिणीला शोधताना लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही आडनावं घालून पाहा. मित्र सापडत नसेल तर त्याचा भाऊ किंवा बहीण सापडते का ते बघा. मधल्या माणसाकडून नंबर मागण्यापेक्षा ‘माझा नंबर त्याला द्याल का?’ असं विचारणं जास्त बरं. बोलायचं की नाही, हे मग त्याच्या हाती राहतं.

शोधता शोधता तो मित्र आता या जगात नाही, असंही कळू शकतं. मनाची तेवढी तयारी ठेवा. तसं झालं तर गप्प बसून राहू नका. त्याच्या मुलांना किंवा जोडीदाराला एक पत्र लिहा आणि तुम्ही पाहिलेला, तरुणपणचा तो कसा होता, ते त्यात सांगा. तो माणूस घरच्यांनी पाहिलेला नसतो. असं पत्र घरात जपून ठेवलं जातं.

पहिला निरोप

आधी हात मोकळा करा. अकनिन आणि सँडस्ट्रम यांच्या अभ्यासाच्या शेवटच्या टप्प्यात काही जणांना आधी तीन मिनिटं हल्लीच्या मित्रांना आणि ओळखीच्यांना साधे मेसेज करायला लावले. त्यानंतर जुन्या मित्राला लिहिणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. तुम्हीही शेजाऱ्याला, भाच्याला दोन ओळी लिहा आणि त्याच ओघात तिसरा निरोप जुन्या मित्राला.

निरोपात आपण कोण हे पहिल्याच वाक्यात सांगा: तेव्हाचं नाव, ठिकाण, साल. मग एकच नेमकी आठवण. ‘ते दिवस किती छान होते’ हे कोणीही कोणालाही लिहू शकतं, त्यात तुमचा मित्र कुठे दिसत नाही. उदाहरणार्थ, असं लिहा:

‘मी होस्टेलमध्ये तुझ्या शेजारच्या खोलीत होते. परीक्षेच्या आदल्या रात्री मी रडत बसले होते आणि तू तुझं पुस्तक मिटून माझ्याजवळ येऊन बसलीस. काही बोलली नव्हतीस. आज ते फार आठवलं. बरी आहेस ना? उत्तराची घाई नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्याने समोरच्यावरचं ओझं उतरतं.

‘ओळखा पाहू कोण?’ हा खेळ मात्र कृपा करून नको. साठी-सत्तरीत नाव पटकन आठवत नाही आणि ते कबूल करताना माणूस ओशाळतो. ‘विसरलास ना आम्हाला?’, ‘मोठी माणसं तुम्ही, आम्हाला कशाला विचाराल!’ हे टोमणेही प्रेमाचेच असतात, पण पहिल्या निरोपात ते हिशेब मागितल्यासारखे वाटतात.

आणखी एक अडचण हमखास येते: तू म्हणावं की तुम्ही? पूर्वी ‘तू’ म्हणत असाल तर ‘तू’च लिहा. वयाचा आणि हुद्द्याचा मान राखायचा म्हणून ‘आपण कसे आहात’ लिहिलंत, तर मधली सगळी वर्षं त्या एका शब्दात उभी राहतात.

उत्तर आलं नाही तर

मी एका मैत्रिणीला एकतीस वर्षांनी लिहिलं. तीन आठवडे काहीच आलं नाही. पहिल्या आठवड्यात मी मनातल्या मनात आमची सगळी जुनी भांडणं उकरून काढली, दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर रागावले. बाविसाव्या दिवशी तिचा फोन आला. ती नवऱ्याच्या आजारपणात दिवसरात्र अडकली होती. माझा मेसेज तिने रोज रात्री वाचला होता, उत्तर लिहायचं त्राण नव्हतं. तेव्हापासून मी कोणाच्याही मौनाचा अर्थ लावत नाही. दोन-तीन महिन्यांनी आणखी एक छोटा निरोप धाडावा आणि त्यालाही उत्तर आलं नाही तर थांबावं.

पहिला फोन

लिहिणं सोपं, पण मैत्री जागी होते ती आवाजाने. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 मध्ये दाखवून दिलं की जुन्या मित्राशी फोनवर बोलणं अवघडल्यासारखं होईल असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात ते ईमेलपेक्षा जास्त अवघड ठरत नाही आणि जवळीक मात्र जास्त वाटते. आधी वेळ विचारून घ्या आणि अर्ध्या तासात आवरतं घ्या. आणखी बोलायचं राहिलं, हेच बरं.

‘मिस्टर काय करतात?’, ‘मुलं कुठे असतात?’ असे प्रश्न आपण सवयीने विचारतो. पण मधल्या काळात कोणाचा जोडीदार गेलेला असतो, कोणाचं लग्न मोडलेलं असतं, कोणाचं मुलांशी पटत नसतं. त्यापेक्षा ‘हल्ली दिवस कसा जातो?’ विचारा. त्यात ज्याला जे सांगायचं ते तो सांगतो. दुखण्यांची यादी आणि नातवंडांचे गुण, दोन्ही पुढच्या फोनसाठी ठेवा.

तुमची आणि त्याची आठवण जुळली नाही तर दुरुस्ती करत बसू नका. ‘मला वेगळं आठवतं, तू सांग’ एवढं पुरे.

अबोला होता का?

भांडून दुरावला असाल तर आपल्या वाट्याची चूक एका वाक्यात सांगा: ‘तेव्हा मी तुला भेटायला यायला हवं होतं, आलो नाही.’ त्यापुढे ‘पण’ लावू नका. समोरून माफी येईल या अपेक्षेने माफी मागायची नसते. ज्याच्या वागण्याने तुम्हाला खोल इजा झाली, त्याला शोधायची सक्ती तर मुळीच नाही.

भेट

पहिली भेट दोघांचीच, दिवसा, दोन तासांची. जागा शांत हवी, कारण वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि गोंगाटात स, श, फ असे वर्ण निसटतात. भिंतीला पाठ करून, चेहऱ्यावर उजेड येईल असं समोरासमोर बसा. ऐकू आलं नाही तर हसून मान डोलवू नका, पुन्हा विचारा.

जुन्या मित्राच्या नावाने कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला, तर आधी त्याच्याशी प्रत्यक्ष बोला आणि तुम्हा दोघांनाच ठाऊक असलेलं काहीतरी विचारून खात्री करा.

नंतरचे महिने

पहिल्या भेटीचा उत्साह ओसरतो आणि बऱ्याच मैत्र्या इथेच पुन्हा सुटतात. म्हणून निघतानाच पुढच्या फोनचा वार ठरवा. महिन्याचा पहिला रविवार, असं काहीही चालेल. फोन ठेवल्यावर दोन ओळी वहीत टिपून ठेवा: डोळ्यांचं ऑपरेशन कधी, नातीची परीक्षा कधी, लावलेलं रोप कुठलं. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करा.