किडनी द्यायचं ठरवताय? दात्याने आधी हे वाचा

घरात कुणाला डायलिसिस सांगितलं की पहिल्या दोन दिवसांतच कुणीतरी 'माझी घ्या' म्हणून मोकळं होतं. पुढचे काही आठवडे, कधी महिने, तपासण्या आणि कागदपत्रांत जातात आणि घोळ होतात ते तिथेच.

तपासण्या स्वस्तापासून महागाकडे करा. आधी रक्तगट. यात पॉझिटिव्ह-निगेटिव्ह बघायचं नसतं. 'ओ' गटाची किडनी कुणालाही चालते, 'एबी'च्या पेशंटला कुणाचीही. गट जुळला नाही तर अशाच अडलेल्या दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या 2011च्या दुरुस्तीनंतर ते कायद्यात बसतं.

मग साखर, बीपी, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ), लघवीतलं प्रोटीन, सोनोग्राफी. इथे बरेच दाते गळतात आणि गळावेतच. साखर काठावर असलेला तिशीतला मुलगा हा साठीच्या ठणठणीत आईपेक्षा जोखमीचा दाता, कारण त्याला एका किडनीवर अजून चाळीस वर्षं काढायची असतात. घरच्यांना हे उलटं वाटतं.

क्रॉसमॅच म्हणजे पेशंटच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहेत का ते पाहणं. नवरा बायकोला किडनी देणार असेल तर इथे अडचण येऊ शकते: बाळंतपणांत तिच्या शरीराने नवऱ्याकडून बाळात आलेल्या, पेशींवरच्या खुणांविरुद्ध अँटिबॉडी बनवलेल्या असू शकतात. पूर्वी रक्त चढवलं असेल तरी तेच. म्हणून गरोदरपणांची (गर्भपात धरून) आणि रक्त चढवल्याची माहिती लपवू नका.

शेवटी डीटीपीए स्कॅन (प्रत्येक किडनी किती काम करते ते दाखवणारा) आणि सीटी अँजिओ (किडनीच्या रक्तवाहिन्या दाखवणारा). जीएफआर, म्हणजे किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग, 90 किंवा वर असेल तर चिंता नाही. 60च्या खाली असेल तर दाता बाद. मधल्यांचा निर्णय वय आणि बाकीचे रिपोर्ट पाहून. दोन किडन्यांत ठळक फरक असेल तर चांगली दात्याकडेच ठेवतात. फरक नसेल तर बहुधा डावी काढतात, कारण तिची शीर लांब असते आणि जोडायला सोपी जाते.

आता कागद. आई-वडील, मुलं, भावंडं, नवरा-बायको, आजी-आजोबा आणि नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. सून, जावई, दीर, मेहुणा, चुलत भाऊ यात नाहीत. त्यांना प्राधिकार समितीपुढे, म्हणजे जवळच्या नात्याबाहेरच्या दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे, जावं लागतं. बहीण भावाला देते तेव्हा हमखास अडतं ते नावापाशी: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं. दोन्ही जोडणारा लग्नाचा नोंदणी दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र आधीच काढून ठेवा. वडिलांचं नाव दोन्ही भावंडांच्या कागदांवर अक्षरशः एकसारखं आहे ना, तेही बघा. पैशांचा व्यवहार निघाला तर 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड आहे.

मनातून नको असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटून तसं सांगा. 'दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच घरच्यांना कळवायची विनंती करता येते. शस्त्रक्रियेच्या दिवशीही नाही म्हणता येतं. सुनेला किंवा बायकोला गृहीत धरणाऱ्या घरांत हे तिला कुणीतरी सांगायला हवं.

दुर्बिणीची शस्त्रक्रिया साधारण तीन-चार तासांची. नंतर पोटापेक्षा खांदा दुखला तर घाबरू नका. पोटात भरलेल्या गॅसचा तो परिणाम, दोन-तीन दिवसांत जातो. खोकताना पोटाशी उशी दाबून धरा. सहा आठवडे भरलेली बादली, सिलिंडर, लेकरू उचलायचं नाही.

पहिल्या रिपोर्टात 0.8चं क्रिएटिनिन 1.2 दिसलं की घर हादरतं. एकच किडनी काम करत असल्यामुळे तो आकडा अपेक्षित असतो. पुढे उरलेली किडनी थोडी वाढते आणि दोघींचं मिळून जेवढं काम होतं त्याच्या जवळपास 70 टक्के ती एकटी करू लागते. दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासा. बायकांनी निदान वर्षभर गर्भधारणा टाळावी आणि पुढच्या बाळंतपणात डॉक्टरांना किडनी दिल्याचं आधीच सांगावं. गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन आणून घ्यायचं नाही, पॅरासिटामॉल चालतं.